गप्प बसणारं कॅबिनेट

भिवंडीत शांत कॉम्प्युटर कोणाला हवा असतो, असं बाहेरगावची माणसं मला हसत विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. ज्या गावात लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट थांबली की झोपलेला माणूस दचकून उठून बसतो, तिथे ‘आवाज करत नाही’ हा काही गुण समजला जात नाही. तरी कल्याण रोडला, कोन गावाच्या अलीकडे, माझ्या छोट्याशा गाळ्यात बसून मी अशी मशीनं बनवली आहेत. लोकांनी ती नेलीही आहेत, आणि त्यातलं एक सोडलं तर आवाजाची तक्रार घेऊन कोणी परत आलेलं नाही. त्या एकाचीच गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी धंदा थोडा समजावून सांगतो, म्हणजे माझी चूक काय झाली ते कळेल.

मी कॉम्प्युटर जोडून देतो. तयार डबा कपाटातून काढून देणं हे माझं काम नाही. गिऱ्हाइकाचं काम काय, मशीन कुठे ठेवणार, घरात पंखा कुठे आहे, एवढं विचारून मी एकेक भाग निवडतो. हे सगळे भाग ज्या लोखंडी खोक्यात बसतात त्याला आमच्याकडे कॅबिनेट म्हणतात. गिऱ्हाईक मात्र सरसकट ‘सीपीयू’ म्हणतं. एक वकीलसाहेब होते, त्यांनी कुठेतरी वाचलं की खरा शब्द ‘केस’ आहे. ते फोन करायचे, “काय हो, माझी केस कधी उभी राहणार?” मी म्हणायचो, “साहेब, हे मी तुम्हाला विचारायचं, का तुम्ही मला?”

लोक सगळं ठरवून झालं की शेवटी खोकं निवडतात, तेही काच आणि रंगीत दिवे बघून. मी पहिल्यांदा खोकं निवडतो. कारण सोपं आहे. मशीन तापतं, ताप बाहेर काढायला पंखे लागतात आणि आवाज पंख्यांचा असतो. खोकं अरुंद असलं तर पंखे छोटे बसतात, आणि छोट्या पंख्याला तेवढीच हवा काढायला जिवाच्या आकांतानं फिरावं लागतं. खोकं ऐसपैस असलं की मोठे पंखे बसतात, ते सावकाश फिरतात आणि आवाज निम्म्याच्याही खाली येतो. पत्रा जाड हवा. पातळ पत्रा थरथरतो आणि त्या थरथरीचाच वेगळा आवाज होतो. पायाला रबर हवं. वायरी मागच्या बाजूनं फिरवायला जागा हवी, नाहीतर त्या हवेच्या वाटेत आडव्या येतात. आणि माझा पूर्ण हात कोपरापर्यंत आत गेला पाहिजे. ज्या खोक्यात मिस्त्रीचा हात जात नाही, ते खोकं पुढे कोणी साफ करत नाही.

साफसफाईचं आमच्याकडे फार महत्त्व आहे, कारण भिवंडीची हवा म्हणजे अर्धी रुई. लूमच्या ऑफिसातलं कॅबिनेट उघडलं की आत पंख्याच्या पात्यांवर रुईचा असा थर असतो की चिमटीत धरून ओढला तर चादरीसारखा अख्खा निघतो. म्हणून पुढे सहज ओढून झटकता येईल अशी जाळी नसेल, तर ते खोकं कितीही देखणं असलं तरी माझ्या दुकानात येत नाही. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नाही. मी शिकलो ते रुई उपसून.

एकदा एका लूमवाल्या शेठजींना मोठ्या हौसेनं एकदम शांत मशीन बनवून दिलं. त्यांची केबिन कारखान्याच्या वरच, खालून फरशी हादरते. दुसऱ्याच दिवशी फोन आला, “भाई, तुम्हारा डिब्बा मर गया.” मी धावत गेलो. मशीन व्यवस्थित चालू होतं. झालं होतं असं की आवाज नाही म्हणून शेठजींनी बंद समजून बटण दाबलं आणि चालू मशीन स्वतःच बंद केलं, तेही दोनदा.

मी म्हटलं, “शेठजी, आवाज नहीं है, यही तो खूबी है.”

शेठजी म्हणाले, “अरे, मेरे धंदे में जो आवाज नहीं करता ना, वो मेरा नुकसान करता है. इसमें कुछ तो लगा दे.”

शेवटी एक मोठा पंखा काढून जुना, छोटा, घरघरणारा पंखा बसवला. शेठजी खूश. “अब चल रहा है!” मुद्दाम आवाज घालून दिलेलं माझ्या आयुष्यातलं ते एकच मशीन.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण पुढच्या गोष्टीत ते लागतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी झालो, आणि हे मी न विचारताही सांगतो. वडील आतल्या खेड्यातून शेतमजुरी सोडून लूमवर आले आणि जॉबर झाले. जॉबर म्हणजे लूमचा मिस्त्री. कॉलेजची तीन वर्षं मी सकाळी वर्गात आणि दुपारपासून वडिलांच्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला असायचो. तिथे बोललेलं कोणाला ऐकू येत नाही. माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. मशीन बिघडलं तर तेही कानानं कळत नाही, हातानं कळतं. वडील लूमच्या अंगावर तळहात ठेवायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि बोट दाखवायचे, की बेअरिंग तिथलं गेलंय. कधी चुकलेले मी पाहिले नाहीत.

ती सवय माझ्याही हातात उतरली. मी मशीन जोडलं की कॅबिनेटच्या चारी बाजूंना तळहात लावतो. हाताला थरथर लागली नाही, म्हणजे आवाज नाही. गिऱ्हाइकासमोर मी हे जरा थाटातच करायचो. लोकांना ते आवडायचं, आणि मलाही.

वैशालीताई दुकानात आल्या त्या रिक्षातून, चादरीत गुंडाळलेलं जुनं कॅबिनेट मांडीवर घेऊन. राहायला जवळच, पूर्णा गावात. नवरा तिथल्याच एका गोडाऊनला ड्युटी करतो. ताई डीएड झालेल्या, पण नोकरी कधी लागली नाही. काही वर्षं त्याही गोडाऊनला पाकिटांवर लेबल लावायला उभ्या राहिल्या होत्या. पाय सुजले म्हणून सोडलं.

“दादा, मला शांत कॉम्प्युटर करून द्या,” त्या म्हणाल्या. “म्हणजे अगदी शांत.”

“कशासाठी, ताई?”

“वाचायला.”

शाळेचे धडे आवाजात भरून देणाऱ्या एका कंपनीनं त्यांना घरबसल्या काम देऊ केलं होतं. त्याआधी नमुना म्हणून एक धडा रेकॉर्ड करून पाठवायचा होता. तीन वेळा संधी होती. पहिला नमुना परत आला होता. ‘वाचन उत्तम, पण मागे घरघर आहे.’

“तिसऱ्यांदा पण परत आलं तर?” मी विचारलं.

“तर परत लेबल,” त्या म्हणाल्या.

मी जुनं कॅबिनेट उघडलं. अरुंद खोकं, छोटे पंखे, आत मुठीएवढी रुई. घरघर होणारच. मी ताईंना म्हटलं, “हे माझ्यावर सोडा.” हे वाक्य मी त्या दिवशी ज्या खात्रीनं बोललो, ती खात्री आजही आठवते.

दोन दिवसांत मशीन तयार केलं. मोठं, जाड पत्र्याचं कॅबिनेट, आतून दोन्ही दारांना काळा फोम, पुढचा दरवाजा बंद आणि हवा बाजूच्या फटींमधून, तिथे झटकायची जाळी. पुढे दोन मोठे पंखे, मागे एक. आतले चालू स्थितीतले भाग तेच ठेवले. उगाच सगळं बदलायचं कारण नव्हतं. वीजपुरवठ्याचा जो डबा असतो, ज्याला आम्ही एसएमपीएस म्हणतो, तो ताईंचाच जुना, फक्त त्याचा पंखा नवा बसवला. तळहात लावून पाहिला. भिंतीला हात लावल्यासारखं. मी स्वतः पूर्ण्याला जाऊन मशीन लावून आलो.

तिथे वैशालीताईंच्या सासूबाई भेटल्या. ठेंगण्या, काटक, जन्म भातशेतीत आणि खाडीत गेलेला. शेतावर आता गोडाऊन उभं आहे, पण बाई बसून राहणाऱ्यातल्या नाहीत. पडवीत सुकट निवडत होत्या. सुनेचं हे काम त्यांना पसंत नव्हतं.

“दार लावून एकलीच बोलतं डब्यासंगं,” त्या मला म्हणाल्या. “मानूस इचारतं, घरान कोन हाय? मी काय सांगू?”

“आई, मी वाचते,” आतून ताईंचा आवाज आला.

“वाच ना! त्यान वराडायचं कशाला?”

दुसरा नमुना गेला. आठवड्यानं परत आला. ‘घरघर गेली आहे. मात्र मागे शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. शेवटचा नमुना शनिवारपर्यंत पाठवावा.’

मंगळवारी मी पुन्हा पूर्ण्याला. मशीन चालू केलं, दार लावलं, श्वास रोखून ऐकलं. काही नाही. चारी बाजूंना तळहात लावला. काही नाही. मग माइक तपासला, ट्यूब बंद केली, फ्रिज बंद केला. ताई बाजूला उभ्या राहून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“मशीनचा आवाज नाही,” मी निकाल दिला. “ताई, तुम्हाला येतो का?”

“कधी वाटतं येतो. कधी नाही,” त्या चाचरत म्हणाल्या.

मग मी त्यांचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि मला पाहिजे ते मला सापडलं. “हे बघा, तुमचा ‘स’. ‘सकाळ’, ‘सरोवर’, ‘सगळे’. ‘स’ म्हणताना दातांतून शिट्टी येते. तीच ते लोक म्हणताहेत. दोन दिवस ‘स’ घोटा.”

त्यांनी मान डोलावली. शिकलेला माणूस, इलेक्ट्रॉनिक्सवाला, दुकानदार, तो म्हणतोय म्हणजे असेल. पडवीतून मात्र हाक आली, “वैशाले, त्याला सांग, डबा किरकिरतंय.”

“मावशी, डब्याचा आवाज नाही तो,” मी बाहेर येऊन समजावलं. “मी हात लावून बघितलाय.”

सासूबाईंनी सुकटीतून मान वर केली. “हात लावून आयकतंस?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

गुरुवारी सकाळी दुकान उघडतोय तोच ताईंचा फोन. आवाज बसलेला. दोन दिवस त्या आरशासमोर ‘स’ घोटत होत्या. स्वयंपाक करताना, धुणं वाळत घालताना, सारखा ‘स’. “दादा, मी आज एक केलं. काही न बोलता नुसतं रेकॉर्ड केलं. दोन मिनिटं गप्प बसले. आणि आईंच्या कानाला लावलं. त्या म्हणतात, शिट्टी आहे. मी तर बोललेच नाही दादा, मग ‘स’ कुठून येईल?”

मी शटर परत खाली ओढलं आणि पूर्ण्याला गेलो.

जाताना ठरवलं होतं की या म्हातारीचा भ्रम आज कायमचा मिटवायचा. मी त्यांना म्हटलं, “मावशी, तुम्ही इथे पडवीतच बसा, पाठ करून. मी आत मशीन चालू करीन, बंद करीन. कधी चालू, कधी बंद, तुम्ही सांगायचं.”

“थांब, त्यो ट्रक जाव दे,” त्या म्हणाल्या. बाहेरून गोडाऊनचा एक लांबलचक ट्रक गेला. “हां. कर.”

मी आत गेलो. मागचं बटण दाबलं, तेही बोटानं हळूच, खट्‌ होऊ न देता.

“चालू,” पडवीतून आवाज.

मी बंद केलं.

“गेला.”

मी काहीच केलं नाही. नुसता उभा राहिलो. बराच वेळ.

“मेलास का रं आत? बंदच हाय ना अजून.”

पुन्हा चालू केलं. “चालू.” लगेच बंद. “गेला. काय खेल लावलास?”

वैशालीताई दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता. आधी वाटलं हसताहेत. डोळ्यांत पाणी होतं.

मी बाहेर येऊन पडवीच्या पायरीवर बसलो. सासूबाईंनी मला वरून खाली पाहिलं.

“लूमवर व्हतास का कवा?”

“होतो, मावशी. कॉलेजात असताना. तीन वर्षं.”

“मंग तुजं कान लूमान गेलं,” त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. सुकटीत खडा सापडल्यावर जसा बाजूला टाकतात, तसं त्यांनी ते सांगितलं.

मग डोकं चालायला लागलं. जुन्या एसएमपीएसच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. कधी कधी त्यातून वीज जाताना बारीक, टोकदार आवाज येतो. त्याची थरथर इतकी सूक्ष्म असते की हाताला कळतच नाही. तो आवाज आधीपासून होता, पण जुन्या पंख्यांच्या घरघरीखाली दबलेला. मी मोठा आवाज काढून टाकला आणि छोट्याला मोकळं रान दिलं. हे सगळं मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं असतं. पण ऐकू आलं नाही, हाताला लागलं नाही, म्हणून नाही म्हणून टाकलं, आणि वर एका बाईला तिचा ‘स’ चुकतो म्हणून सांगितलं. हात वडिलांचा खरा होता, पण तो लूमसाठी होता. हे मी ध्यानात घेतलं नाही.

दुकानात जाऊन तीन नवे एसएमपीएस घेऊन आलो. एकेक जोडायचा आणि पडवीतून निकाल घ्यायचा.

पहिला लावला. “ई पन रडतंय. पन हलू.”

दुसरा, माझ्या मते तिघांत भारी. “अगं बया! ई तं कोकलतंय. काढ, काढ.”

तिसरा साधाच होता, खोक्यावर फारशी चित्रंही नव्हती. लावला. मशीन सुरू झालं. पडवीत शांतता. मी वाट पाहिली.

“आरं, चालू कर ना,” सासूबाई म्हणाल्या.

“चालू केलंय, मावशी.”

“खरं सांगतंस?”

“खरं.”

त्या उठून आत आल्या. पहिल्यांदाच त्या खोलीत आल्या असं ताई नंतर म्हणाल्या. कॅबिनेटसमोर वाकल्या, हिरवा दिवा बघितला, कान जवळ नेला. “कायच नाय,” त्या म्हणाल्या आणि पदराला हात पुसले.

वैशालीताईंचा आवाज दोन दिवसांत बसला होता. त्याला जबाबदार मीच. शुक्रवारचा दिवस गरम पाणी पिण्यात गेला आणि शनिवारी दुपारी त्यांनी धडा रेकॉर्ड केला. मी जाऊन बसलो होतो, काही अडलंच तर असावं म्हणून. त्यांनी माझ्या कानाला हेडफोन लावले. “हे दुसऱ्या वेळचं.” ऐकलं. “आणि हे आजचं.” तेही ऐकलं. मला दोन्ही अगदी सारखी वाटली. ‘सकाळ’, ‘सरोवर’, ‘सगळे’. ‘स’ दोन्हीकडे स्वच्छ होता. पहिल्यापासूनच स्वच्छ होता.

“दादा, पाठवू?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. मान हलवली असती तर कोणाला कळलं नसतं.

“मला फरक कळत नाही, ताई,” मी म्हटलं. “आणि तुमचा ‘स’ कधीच चुकत नव्हता. ते मी माझं अज्ञान झाकायला बोललो. आईंना विचारा.”

सासूबाई हेडफोन घालून खुर्चीत बसल्या. धडा पूर्ण ऐकला. पाय खुर्चीवरून खाली टेकत नव्हते. संपल्यावर हेडफोन काढला आणि सुनेला म्हणाल्या, “तू असं बोलतंस? मना वाटलं, वराडतंस.” मग खुर्चीतून उतरत, “धाड.”

ताईंनी धाडलं. पुढच्या आठवड्यात काम मिळाल्याचा फोन आला. आता तिथे रोजचे धडे भरले जातात. कंपनीपेक्षा सासूबाई कडक आहेत. मध्येच कोंबडा आरवला, ताईंचा श्वास मोठा झाला, तर त्या पुन्हा वाचायला लावतात. ताई फोनवर कुरकुरतात, पण त्यांचा एकही धडा आजवर परत आलेला नाही.

मी कान तपासून घेतले. डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली, ती एका जागेपासून सरळ खाली घसरत गेलेली. जे वरचे, बारीक आवाज असतात, ते मला ऐकू येत नाहीत आणि आता येणार नाहीत. “लूमवर काम केलंय का?” असं त्यांनीही विचारलं. मी सांगितलं, डिग्री त्याच तीन वर्षांत केली. त्याचं मला दुःख नाही, असं म्हणणार नाही. पण पुन्हा ती वर्षं मिळाली तर तसाच वागेन, फक्त कानात कापूस घालीन. कापूस भिवंडीत कमी नव्हता.

आता शांत मशीन मागायला कोणी आलं की मी तळहात लावतो, पण तेवढ्यावर हमी देत नाही. स्पष्ट सांगतो, “एक आवाज असा आहे की जो मला ऐकू येत नाही. तो एका बाईंकडून तपासून आणतो. दोन दिवस द्या.” गिऱ्हाइकांना आधी गंमत वाटते. मग थांबतात. मशीन स्कूटरवर बांधून पूर्ण्याला नेतो, पडवीत ठेवतो आणि चहा होईपर्यंत गप्प बसतो. सासूबाईंनी आजवर दोन मशीनं नापास केली आहेत. ती दुकानात मागच्या फळीवर ठेवली आहेत. दोन्ही चालू करून मी पुष्कळदा त्यांच्यापाशी बसलो आहे. मला त्यांच्यात काहीही दोष ऐकू येत नाही. विकायला मात्र काढलेली नाहीत.